सेलेस्ट आणि पेरी: थपडेनंतरचं दाखवणारी मालिका

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मॉन्टेरे नावाचं गाव आहे. तिथं समुद्राकडे तोंड केलेल्या एका मोठ्या घरात सेलेस्ट राइट, तिचा नवरा पेरी आणि मॅक्स व जॉश ही जुळी मुलं राहतात. सेलेस्ट वकील होती, आता घर आणि मुलं सांभाळते. पेरी कामानिमित्त सतत विमानात असतो. परतला की मुलांशी मस्ती करतो, बायकोला जवळ घेतो, भेटवस्तू आणतो. गावातल्या बायकांना या जोडप्याचा हेवा वाटतो. सेलेस्टची जिवलग मैत्रीण मॅडलिन हिलासुद्धा वाटतं की इतक्या वर्षांनी यांच्यात एवढी ओढ टिकली कशी.

या घरात पेरी सेलेस्टला मारतो.

‘बिग लिटल लाइज’ या मालिकेचं सात भागांचं पहिलं पर्व एचबीओ या अमेरिकन वाहिनीवर 19 फेब्रुवारी ते 2 एप्रिल 2017 या काळात दाखवलं गेलं. मूळ कादंबरी लियान मोरिआर्टी या ऑस्ट्रेलियन लेखिकेची, 2014 सालची. पटकथा डेव्हिड ई. केली यांनी लिहिली, दिग्दर्शन ज्याँ-मार्क वाले यांचं. सेलेस्ट झाली निकोल किडमन, पेरी झाला अलेक्झांडर स्कार्सगार्ड. मालिकेत आणखी तीन-चार बायकांच्या कहाण्या आहेत, शाळेतली भांडणं आहेत, एक खून आहे. ते सगळं बाजूला ठेवून मी इथं फक्त या नवरा-बायकोचं प्रकरण घेतलं आहे. नवऱ्यानं बायकोच्या कानाखाली मारली, असं दृश्य टीव्हीवर रोज कुठे ना कुठे चालू असतं. पण मार खाल्लेली बाई दुसऱ्या दिवशी सकाळी काय करते, कुणाला काय सांगते, काय लपवते, स्वतःची समजूत कशी घालते आणि तिची सुटका नेमकी कशानं सुरू होते, हे इतक्या धीरानं दाखवलेलं मी दुसरीकडे क्वचितच पाहिलं आहे.

पहिल्या दोन भागांत प्रेक्षकाचा गोंधळ होतो आणि तो व्हावा अशीच रचना आहे. मुलांच्या शाळेच्या एका कार्यक्रमाबद्दल आपल्याला नीट कळवलं नाही, एवढ्यावरून पेरी चिडतो. कारण इतकं किरकोळ आहे की बघणारा थबकतो. तो तिचा दंड आवळतो, झटापट होते, तीही हात उगारते आणि या सगळ्याचा शेवट शरीरसंबंधात होतो. बघणाऱ्याला प्रश्न पडतो, हे काय चाललंय? दोघांची ही काही वेगळीच तऱ्हा आहे का? सेलेस्ट स्वतःही स्वतःला हेच सांगत असते. आमचं प्रेम तीव्र आहे म्हणून रागही तीव्र आहे, दोघंही तापट आहोत, तो मारतो तसं मीही मारते. मालिका हे स्पष्टीकरण लगेच खोडून काढत नाही. आधी ते आपल्याला पटू देते, मग भाग पुढे सरकतात तसं त्याचा एकेक टाका उसवत जाते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला गंभीर वाटतो. दोन देखणे कलाकार, सुंदर घर, लाटांचा आवाज, मारहाण आणि प्रणय एकाच दृश्यात. यातून हिंसेलाच मोहक करून दाखवलं जात नाही का? पहिले दोन भाग पाहून कुणी मालिका सोडून दिली, तर त्याच्या मनात तेच राहील. पूर्ण पाहणाऱ्याच्या मनात तसं राहत नाही, कारण नंतरच्या प्रत्येक मारहाणीत ते मोहक आवरण थोडं थोडं गळून पडतं आणि शेवटच्या भागात जमिनीवर कळवळणारी एक बाई तेवढी उरते. मोहाचा भाग वगळला असता तर सेलेस्ट का राहते हेही कळलं नसतं. ती पेरीवर प्रेम करते, त्याच्यासोबतचे चांगले दिवस खरे आहेत. मार खाणाऱ्या बाईला नवरा राक्षस वाटत असता तर तिची अर्धी अडचण तिथंच संपली असती.

या प्रकरणाचा खरा गाभा मात्र मारहाणीच्या दृश्यांत नाही. तो एका समुपदेशकाच्या खोलीत आहे.

तिसऱ्या भागात दोघं मिळून डॉ. अमांडा रायझमन यांच्याकडे जातात. ही भूमिका रॉबिन वाइगर्टनं केली आहे. संभाषण आधी गोल गोल फिरतं. पेरी आपल्या भीतीबद्दल बोलतो, ही मला सोडून जाईल असं सतत वाटतं म्हणतो. भांडण हातघाईवर येतं हेही बाहेर पडतं. आणि सेलेस्ट काय करते? ती त्याला सावरून घेते. दोघंही तसेच आहोत, मीही मारते, असं सांगते. नवरा शेजारी बसला आहे, संध्याकाळी त्याच्याच घरी जायचं आहे, मग ती दुसरं काय बोलणार? समुपदेशकाची नजर त्या क्षणी तिच्यावर थोडी जास्त वेळ थांबते. तेवढ्यावरून समजतं की हिला काही तरी कळलं आहे.

पुढे सेलेस्ट एकटी जाते. पाचव्या भागातलं ते दृश्य लांब आहे, कॅमेरा जवळजवळ पूर्ण वेळ दोन चेहऱ्यांवर आहे, पार्श्वसंगीताचा आधार नाही. डॉ. रायझमन एकेक प्रश्न विचारत जातात. तो कुठे मारतो? खुणा कुठे राहतात? जिवाची भीती वाटली का? सेलेस्ट उत्तर देते, लगेच ते मागे घेते, हसते, विषय बदलते, नवऱ्याचे गुण सांगते, मग अचानक गप्प होते. किडमननं या दृश्यात वकील बाईची सवय फार नेमकी पकडली आहे. ती साक्षीदारासारखी तोलूनमापून बोलते, आपल्याच विधानांतल्या फटी बुजवते. डॉ. रायझमन तिला एकही मोठं वाक्य ऐकवत नाहीत, धीराचे शब्दसुद्धा मोजकेच. प्रश्न मात्र सोडत नाहीत.

हे प्रश्न लेखकाच्या मनात असेच आलेले वाटत नाहीत. जवळच्या माणसाकडून होणाऱ्या हिंसेत जिवाला किती धोका आहे हे जोखण्यासाठी जॅकलिन कॅम्पबेल या अमेरिकन परिचारिका-संशोधिकेनं 1980 च्या दशकातच एक प्रश्नावली तयार केली होती आणि ती आजही वापरली जाते. मार वाढत चालला आहे का, त्यानं कधी गळा दाबला का, तो जीव घेईल असं वाटतं का, असे थेट प्रश्न तिच्यात असतात. गळ्याचा प्रश्न तर फार महत्त्वाचा. 2008 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या बाईचा गळा जोडीदारानं पूर्वी दाबला होता तिचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सात पटींहून जास्त आढळली. पेरी सेलेस्टचा गळा पकडतो. मालिकांतल्या थपडांना सरावलेला प्रेक्षक तो क्षण आणखी एक झटापट म्हणून सोडून देईल. जाणकार तिथंच सावध होईल.

मग डॉ. रायझमन तिला काय करायला सांगतात? त्या घटस्फोटावर व्याख्यान देत नाहीत. वेगळं घर भाड्यानं घे, असं सांगतात. त्यात सामान भर, मुलांच्या खोल्या लाव, जायची वेळ आली तर जागा तयार असली पाहिजे. आणि निदान एका मैत्रिणीला सगळं सांग. हा शेवटचा सल्ला त्या वकिलीच्या भाषेत पटवून देतात. उद्या मुलांच्या ताब्याचा खटला झाला आणि मारहाणीबद्दल कुणालाच काही माहीत नसलं, तर तुझ्या बाजूनं बोलणार कोण? सेलेस्ट स्वतः वकील आहे, दुसऱ्या कुठल्याही अशिलाला तिनं हाच सल्ला दिला असता. स्वतःच्या बाबतीत तो तिला सुचलेला नसतो.

समुपदेशकानं इतकं स्पष्ट सांगावं का, तटस्थ राहू नये का, अशी चर्चा होऊ शकते. माझं मत स्वच्छ आहे. समोरच्या बाईच्या जिवाला धोका आहे हे दिसत असताना तटस्थ राहणं म्हणजे मारणाऱ्याच्या बाजूनं उभं राहणं. आणि हे मत केवळ माझं नाही, आपल्या देशाच्या कायद्याच्या नियमांतही त्याचा आधार सापडतो.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम 2005 सालचा, तो अमलात आला 26 ऑक्टोबर 2006 रोजी. त्याच्या 2006 च्या नियमांत नियम 14 समुपदेशकांबद्दल आहे. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की हिंसा करणाऱ्यानं आपल्या कृत्याचं समर्थन करणं हा समुपदेशनाचा भाग असू शकत नाही. ‘ती उलट बोलली’, ‘मी दमून आलो होतो’, ‘तिनंच आधी हात उचलला’ ही यादी त्या खोलीत उघडायचीच नाही. डॉ. रायझमनच्या खोलीत पेरी पहिल्या भेटीत जे करू पाहतो ते नेमकं हेच आहे. आपली असुरक्षितता, आपली भीती तो आपल्या हिंसेचं कारण म्हणून पुढे ठेवतो. ती भीती खरी असेलही. तिचा सेलेस्टच्या दंडावरच्या काळ्यानिळ्या डागांशी हिशेब लागत नाही.

त्याच नियमांना जोडलेला नमुना क्रमांक 5 मला या संदर्भात फार महत्त्वाचा वाटतो. त्याचं शीर्षक आहे सुरक्षा योजना. संरक्षण अधिकाऱ्यानं, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्यानं, पीडित बाईसोबत बसून, तिच्यावर कोणकोणती हिंसा झाली, तिला पुढे कशाची भीती वाटते आणि त्यावर काय उपाय करायचे, हे त्यात भरायचं असतं. डॉ. रायझमननी सेलेस्टसाठी जे केलं, ते आपल्याकडे सरकारी कागदावर छापून ठेवलेलं आहे. कॅलिफोर्नियातल्या श्रीमंत बाईला त्यासाठी खासगी समुपदेशकाची फी भरावी लागली. आपल्या कायद्यानं तो तालुक्याच्या बाईचाही हक्क मानला आहे. मुंबईत तर 1984 मध्येच टाटा समाजविज्ञान संस्थेनं पोलिसांच्या सोबतीनं महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, पोलीस ठाण्याच्या आवारातच समाजकार्यकर्ती बसू लागली. कागदावरचं प्रत्यक्षात किती उतरतं हा मोठा प्रश्न आहे आणि त्यावर वेगळं लिहायला हवं. पण मराठी मालिकांच्या लेखकांसाठी ही सगळी सामग्री दारात पडलेली आहे. मी आजवर पाहिलेल्या मराठी मालिकांत संरक्षण अधिकारी हे पात्र मला भेटलेलं नाही.

सहाव्या भागात एका झटापटीत सेलेस्ट टेनिसच्या रॅकेटनं पेरीला मारते. घाव अवघड जागी बसतो, इजा गंभीर असते. इथं ‘दोघंही मारतात’ हा मुद्दा पुन्हा उभा राहतो आणि मालिका त्याला सरळ भिडते. कुणी कुणाला किती वेळा मारलं याची बेरीज करून काही कळत नाही. घरात कोण कुणाला घाबरून पावलं टाकतं, हे बघावं लागतं. दाराची किल्ली वाजली की कुणाच्या पोटात गोळा येतो? सेलेस्टनं काम पुन्हा सुरू करायचं ठरवलं तर तिला नवऱ्याचा चेहरा वाचावा लागतो. चौथ्या भागात ती मॅडलिनच्या नाटकाच्या वादात वकील म्हणून उभी राहते, बाजू मांडते, जिंकते आणि गाडीत बसून मैत्रिणीजवळ कबूल करते की आज आपण जिवंत आहोत असं वाटलं. मुलं आपल्याला पुरत नाहीत हे सांगताना तिला लाज वाटते. त्या एका दुपारचा आनंद घरी नेताना तिला तो लपवावा लागतो. पेरीनं आपल्या कुठल्याही निर्णयासाठी कधी असं भीत भीत घर गाठलेलं नाही.

हा फरक आपल्या लोकांना समजावून सांगायची फार गरज आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, देशातल्या 45 टक्के स्त्रियांनी आणि 44 टक्के पुरुषांनी सांगितलं की काही कारणांसाठी नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य आहे. न सांगता बाहेर जाणं, घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष करणं, वाद घालणं, स्वयंपाक नीट न करणं, सासरच्यांचा मान न ठेवणं, अशी कारणं त्या प्रश्नात होती. त्याच सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांनी सांगितलेल्या मारहाणीत सर्वांत जास्त प्रमाण थपडेचं होतं, साधारण 25 टक्के. महाराष्ट्रात नवऱ्याची हिंसा कधी ना कधी सोसलेल्या स्त्रियांचं प्रमाणही साधारण चौघींत एक असंच निघालं. आणि ज्यांनी हिंसा सोसली त्यांच्यापैकी 77 टक्के स्त्रियांनी कुणाची मदत मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. डॉ. रायझमन सेलेस्टला ‘एका मैत्रिणीला सांग’ म्हणतात ते का, हे या शेवटच्या आकड्यावरून कळतं. ती पायरीच सर्वांत अवघड आहे.

सेलेस्टला शेवटी हलवतात ती तिची मुलं. शाळेत एका मुलीला कुणी तरी मारतं, चावतं. सगळ्यांचा संशय जेनच्या मुलावर, झिगीवर. जेन गावात नव्यानं आलेली, एकटी आई, तिच्या मुलावर संशय घेणं सगळ्यांना सोपं जातं. प्रत्यक्षात ते करणारा मॅक्स निघतो, सेलेस्टचा मुलगा. जेन तिला हे सांगते तो प्रसंग छोटा आहे. मुलांपर्यंत काही पोचलेलं नाही, या समजुतीवर सेलेस्टनं आपलं सगळं सहन करणं उभं केलेलं असतं. मुलांसाठी राहते, मुलांना बाप हवा. ती समजूत एका वाक्यात कोसळते. सहा वर्षांच्या पोरानं घरात जे ऐकलं ते वर्गातल्या मुलीवर करून पाहिलं.

आपल्याकडे ‘मुलांच्या तोंडाकडे बघून’ राहिलेल्या बायकांची संख्या कुणी मोजलेली नाही. त्या मुलांनी काय बघितलं, हे तर मालिकांत जवळजवळ येतच नाही. मालिकेतलं मूल मारहाणीच्या वेळी हमखास आजीकडे, शाळेत किंवा झोपलेलं असतं.

पहिल्या पर्वाचा शेवट मला पटलेला नाही. शाळेच्या निधीसाठी भरवलेल्या एका रात्रीच्या समारंभात पेरीला कळलेलं असतं की सेलेस्ट घर सोडणार आहे. तो तिच्यावर तुटून पडतो, इतर बायका तिला सोडवायला धावतात आणि मॅडलिनच्या आधीच्या नवऱ्याची बायको बॉनी त्याला ढकलते. तो जिन्यावरून पडून मरतो. दृश्य संवादांशिवाय, लाटांच्या आवाजात रचलेलं आहे, चित्रण म्हणून ताकदीचं आहे. पण कथानकानं इथं अवघड रस्ता टाळला. बाई घर सोडायला निघते तो काळ तिच्यासाठी सर्वांत धोक्याचा असतो, हे मालिकेनं बरोबर दाखवलं. मात्र त्यानंतरची न्यायालयं, पोटगी, मुलांच्या भेटी, नवऱ्याचे माफीचे फोन, माहेरच्यांचा दबाव, हे सगळं मृत्यूनं एका फटक्यात पुसून टाकलं. वास्तवातल्या फार थोड्या बायकांची सुटका अशी होते.

तरीही मालिकेचं त्या वर्षी जे कौतुक झालं ते योग्य होतं. सप्टेंबर 2017 मध्ये टीव्हीसाठीच्या एमी पुरस्कारांच्या सोहळ्यात तिला आठ पुरस्कार मिळाले, त्यांत किडमन आणि स्कार्सगार्ड दोघंही होते. पुरस्कार घेताना किडमन घरातल्या हिंसेबद्दल बोलली. आपण समजतो त्याहून ती कितीतरी जास्त आहे आणि लाज व गुप्ततेनं वेढलेली आहे, असा तिच्या बोलण्याचा आशय होता.

2019 साली दुसरं पर्व आलं, दिग्दर्शन अँड्रिया अर्नल्ड यांचं, आणि त्यात पेरीची आई आली. मेरी लुईज. भूमिका मेरिल स्ट्रीपची. मराठी प्रेक्षकाला हे पर्व पहिल्यापेक्षा जास्त जवळचं वाटेल, कारण ही सासू आपल्या ओळखीची आहे. ती आरडाओरडा करत नाही, कपाळावर आठ्या घालून कॅमेऱ्याकडे बघत नाही. सुनेच्या घरी नातवंडांना सांभाळायला येते, मऊ आवाजात बोलते आणि विचारते, माझा मुलगा तुला मारत होता तर तू पोलिसांत का गेली नाहीस? तिचा प्रश्न वरवर साधा आहे. बाई गप्प राहिली याचा पुरावा तिच्याच विरोधात कसा वापरला जातो, हे त्या एका प्रश्नातून दिसतं. सेलेस्ट स्वतः अजून पेरीसाठी रडते, त्याचे जुने व्हिडिओ बघते, झोपेच्या गोळ्या घेते. मेरी लुईज या प्रत्येक गोष्टीची नोंद करते आणि नातवंडांचा ताबा मागायला न्यायालयात जाते.

न्यायालयात सेलेस्ट स्वतः वकील म्हणून सासूची उलटतपासणी घेते. डॉ. रायझमननी पहिल्या पर्वात जी धास्ती व्यक्त केली होती ती इथं खरी ठरते. ताब्याचा खटला उभा राहिला आहे आणि बाईच्या शब्दाखेरीज फारसं काही हाती नाही. तिला वाचवतो एक व्हिडिओ. पेरी सेलेस्टला मारत असताना मुलांनी तो टॅबलेटवर टिपलेला असतो. भरल्या न्यायालयात तो दाखवला जातो. मुलांना काही माहीत नव्हतं या समजुतीचा उरलासुरला तुकडाही तिथं संपतो. आणि मेरी लुईजचा चेहरा बघण्यासारखा आहे. आपण वाढवलेला मुलगा तिला पहिल्यांदा दिसतो. मुलगे सेलेस्टकडेच राहतात.

आता आपल्याकडच्या रोजच्या मालिकांतली थप्पड आठवा. हात उठतो, तीन वेळा तोच हात तीन बाजूंनी दिसतो, विजेचा कडकडाट होतो, मग घरातल्या आठ-दहा माणसांचे चेहरे एकामागून एक, आणि भाग संपतो. दुसऱ्या दिवशीचा भाग त्या बाईपासून सुरू होत नाही. तो मारणाऱ्याच्या पश्चात्तापापासून सुरू होतो. तो भिंतीवर मूठ आपटतो, हाताला जखम करून घेतो, देवळात जातो, आणि ज्या बाईला मारलं तीच त्या जखमेला हळद लावते. इथं एक अदलाबदल झालेली असते. दुखावलेला तो ठरतो आणि सावरण्याचं काम तिच्याकडे जातं. पडद्याच्या खाली एक ओळ सरकत असते की वाहिनी हिंसेचं समर्थन करत नाही. पाच मिनिटांच्या पश्चात्तापाच्या प्रसंगानं आणि संगीतानं केलेलं समर्थन ती ओळ पुसू शकत नाही.

हे फक्त आपलंच नाही. सीमेपलीकडच्या उर्दू मालिका आपल्याकडेही आवडीनं पाहिल्या गेल्या, त्यांच्यावरही थपडांचा भडिमार असल्याची टीका तिथल्याच प्रेक्षकांनी केली आहे. पाकिस्तानच्या प्रसारण नियामकानं, पेमरानं, ऑक्टोबर 2021 मध्ये वाहिन्यांना मालिकांतल्या मिठ्या आणि नवरा-बायकोची जवळीक दाखवणं थांबवायला सांगितलं. मारहाणीचं काय, असा प्रश्न तिथल्या अनेकांनी तेव्हाच विचारला. नवऱ्यानं बायकोला मिठी मारलेली खटकते आणि हात उगारलेला चालतो, हा समज नुसता एका देशाचा नाही.

आपल्या मालिकांतली दुसरी ठरलेली गोष्ट म्हणजे ‘चालती हो माझ्या घरातून’. सुनेची बॅग अंगणात पडते, ती पावसात उभी राहते. 2005 च्या कायद्याचं कलम 17 सांगतं की सामायिक घरात राहण्याचा तिला हक्क आहे, मग घर तिच्या नावावर असो वा नसो. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2020 मध्ये सतीश चंदर आहुजा खटल्यात सासऱ्याच्या नावावरचं घरही सुनेसाठी सामायिक घर ठरू शकतं असं म्हटलं. सेलेस्टला स्वतःच्या पैशानं दुसरं घर घेऊन फ्रिज भरावा लागला. तिच्याकडे पैसे होते. ज्या बाईकडे ते नाहीत तिच्यासाठी आपल्या कायद्यानं राहतं घरच राखून ठेवलं आहे, आणि गेली जवळपास वीस वर्षं मालिका तिला त्याच घरातून पावसात काढत आल्या आहेत. घरोघरी रात्री आठ वाजता हे बघणाऱ्या बायकांना आपला हक्क कळण्याची किती साधी संधी होती ही!

‘बिग लिटल लाइज’कडे पहिल्या पर्वात जेमतेम सात तास होते. आपली एक मालिका आठवड्याला सहा भाग, वर्षानुवर्षं चालते. घरातली हिंसा हळू, पुन्हा पुन्हा, मधल्या चांगल्या दिवसांसकट घडते. तिच्यासाठी रोजच्या मालिकेइतका योग्य साचा दुसरा नाही. एका आठवड्यात फक्त एवढं दाखवा की मार खाल्लेली बाई शेजारणीला ‘दारावर आपटले’ असं सांगते. पुढच्या आठवड्यात शेजारीण ते ऐकून गप्प बसत नाही, दुपारी चहाला येते आणि पुन्हा विचारते. मग एक दिवस महिलांच्या मदतीसाठीच्या 181 क्रमांकावर फोन लागतो आणि कट होतो. मग पुन्हा लागतो. संरक्षण अधिकारी बाई येतात, कौटुंबिक घटना अहवाल भरतात, नमुना 5 समोर ठेवतात आणि विचारतात, ‘ताई, घरात काय झालं की तुम्हाला जिवाची भीती वाटते?’ ती उत्तर देते, मग खोडते, मग पुन्हा देते. सासू दाराआड उभी राहून ऐकते आणि तिला आपला मुलगा आठवतो, आपला नवराही आठवतो. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर तारखा पडतात. कलम 18 खाली संरक्षणाचा आदेश निघतो, नवरा तो मोडतो, आणि आदेश मोडणं हा गुन्हा आहे हे त्याला पोलीस ठाण्यात कळतं. यातल्या प्रत्येक पायरीवर दहा भाग सहज होतील, आणि त्यांतल्या एकाही भागाला विजेच्या कडकडाटाची गरज पडणार नाही.